तीन फुटांवरची भिंत

भिंतीला भोक पाडायच्या आधी ती वाजवून बघायची असते, हे मला आमच्या इलेक्ट्रिशियननं शिकवलं. "दार वाजवतो तसं नाही ताई, कलिंगड बघतो तसं," म्हणत त्यानं लेकीच्या खोलीतल्या चारही भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. एकीचा आवाज भरीव, टणक. दुसरीचा बसका, जाड पुठ्ठ्यावर वाजवावं तसा. खिडकीशेजारी तर आवाजच नाही, नुसतं पेर दुखलं. तिथे प्लास्टरआड काँक्रीटचा खांब होता. दहा बाय अकराच्या खोलीत तीन जातींच्या भिंती निघाल्या आणि आठ वर्षं त्या घरात राहून मला त्यातली एकही ठाऊक नव्हती.

त्याच्या महिनाभर आधी आम्ही एका इंटिरिअरवाल्यांकडून अंदाजपत्रक मागवलं होतं. लेक चार वर्षांची झाली, तिची स्वतःची खोली करायची, एवढाच विषय. आलेल्या चित्रात किल्ल्यासारखा पलंग होता, छतापर्यंत भिडलेलं कपाट होतं आणि एका भिंतीवर छोटे दिवे लावलेले शोभेचे कप्पे होते. आकडा १ लाख ८५ हजार. आकड्यानं धक्का बसला हे खरं, पण चित्र पुन्हा पुन्हा बघताना दुसरंच काहीतरी खटकायला लागलं. ते दिव्यांचे कप्पे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येत होते. पाच फुटांवर. खोली जिची, ती मीटरभर उंचीची. तिची खेळणी, तिची पुस्तकं, तिची चित्रं, आणि बघणार कोण, तर चहाला आलेले पाहुणे.

चित्रप्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची नजर तिथे पडते म्हणून. आपण घरातल्या तसबिरीही नकळत तिथेच लावतो. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०० ते १०३ सेंटिमीटर असते आणि डोळे त्याच्या दहा-अकरा सेंटिमीटर खाली. म्हणजे तीन फूट. मी पेन्सिल घेऊन त्या खोलीत गुडघ्यांवर बसले आणि तीन फुटांवर भिंतीला एक रेघ ओढली. तिथून दिसणारी खोली वेगळीच होती. टेबलाच्या पाटाची खालची, पॉलिश न केलेली बाजू. दाराच्या मुठीचं पोट. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे लांबचा एक पांढरा चौकोन. मोठ्यांनी सजवलेल्या खोल्या मुलांना अशा दिसतात.

हे काही मला सुचलेलं नाही. रोमच्या सान लोरेन्झो भागात ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं आणि मुलांच्या मापाचं हलकं फर्निचर, त्यांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्या हा आपल्या पद्धतीचाच भाग केला. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची साधनं महाग; आदिवासी पाड्यावर ती कुठून आणणार? तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, काड्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळालं. स्वस्त वस्तू आणि मुलाच्या हाताची उंची यांची सांगड तिथे गरजेपोटी घातली गेली. आज ‘माँटेसरी शेल्फ’ या नावानं विकली जाणारी पाइनवुडची बुटकी मांडणी काही हजारांना असते, ही गंमत ताराबाईंना कितपत रुचली असती कोण जाणे.

आणि आपल्या जुन्या घरांत तरी दुसरं काय होतं? आजोळी, वाईला, भिंती दोन हात जाडीच्या. त्यात कोनाडे, फडताळं, दाराशेजारी पणतीची देवळी. माजघरातला एक कोनाडा जमिनीपासून हातभरच वर होता आणि तो आम्हा मुलांचा, असं कोणी न सांगता ठरलेलं. त्यात सागरगोटे, तुटकी बांगडी, गोट्या. कोनाड्याला सुतार लागत नाही आणि तो पडतही नाही. भिंत बांधतानाच वस्तूंसाठी जागा सोडलेली. भिंत चार इंचांवर आली तेव्हा कोनाडा गेला आणि फळी आली.

तसबिरींचंही तसंच. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी आल्या तशा चौकटीही आल्या. जुन्या घरांत या चौकटी उंचावर असत, पण भिंतीला सपाट टेकलेल्या नसत. वरच्या बाजूनं पुढे कललेल्या असत, दोरीवर तोललेल्या. खाली पाटावर, सतरंजीवर बसलेल्या माणसाला देव नीट दिसावेत म्हणून. लावणाऱ्यानं बघणाऱ्याच्या नजरेचा हिशेब केलेला होता. आपण खुर्चीवर बसायला लागलो आणि हिशेब विसरलो.

तर, भिंत. आमच्या खोलीतली भरीव आवाजाची भिंत विटांची. बसक्या आवाजाची सिपोरेक्सची. मूळ एका स्वीडिश ब्रँडचं हे नाव. आपले गवंडी कुठल्याही कंपनीच्या हलक्या ठोकळ्याला सिपोरेक्सच म्हणतात. राख, चुना, सिमेंट यांच्या काल्यात ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, त्यातून वायू सुटतो आणि ठोकळा ढोकळ्यासारखा फुगतो. वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. बांधणाऱ्याला परवडतो, पण खिळा धरत नाही. विटेच्या भिंतीत ड्रिल हातोडीच्या ठोक्यावर चालवायचं, सिपोरेक्समध्ये ठोका बंद करून नुसतं फिरवायचं, नाहीतर भोक आतून रुंद होतं. हा नियम मला आधी सांगितला होता. मी तो पाळला नाही. पहिली फळी सिपोरेक्सवर ठोक्यानं भोक पाडून लावली, संध्याकाळी तिच्यावर अकरा पुस्तकं मांडली, आणि रात्री पावणेदोनला ती सगळ्या पुस्तकांनिशी खाली आली. लेक दुसऱ्या खोलीत आमच्याजवळ झोपली होती म्हणून हे आता हसत लिहिता येतं. सकाळी पाहिलं तर स्क्रू आणि गिट्टी दोन्ही शाबूत होती, फक्त भोवतालची भिंत त्यांच्यासोबत भुगा होऊन बाहेर आली होती.

गिट्टी म्हणजे स्क्रूच्या आधी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी. पूर्वी लाकडाचा तुकडा तासून ठोकत. आज वापरतो ती, स्क्रू शिरला की फाकून भिंतीला घट्ट बसणारी नायलॉनची गिट्टी १९५८ मध्ये आर्टुर फिशर या जर्मन माणसानं काढली. विटेला आठ मिलिमीटरची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू पुरतो. सिपोरेक्सला त्याहून लांब, खास त्याच्यासाठी मिळणारी गिट्टी मागून घ्यायची. भावाच्या हिंजवडीच्या नव्या फ्लॅटमध्ये तर भिंती मायवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेलं सबंध काँक्रीट. तिथे साधं ड्रिल नुसतं शिट्टी वाजवत राहतं. आणि भिंत कुठलीही असो, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही. वायरीची नळी बहुधा तिथूनच उभी गेलेली असते.

फळीची रचना मी स्वयंपाकघरातून घेतली. स्टीलची मांडणी आठवा. ताटं तिच्यात एकामागे एक उभी राहतात, तोंड बाहेर करून, आणि पुढे पडू नयेत म्हणून एक आडवी दांडी असते. मुलांच्या पुस्तकांना हेच हवं. मोठ्यांच्या कपाटात पुस्तकं कणा बाहेर करून लावतात, पण मराठीतली मुलांची बरीच चित्रपुस्तकं थोडक्या पानांची, मधोमध दोन पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो! कपाटात सरकवली की दिसेनाशी होतात, आणि न दिसणारं पुस्तक चार वर्षांच्या मुलाच्या लेखी अस्तित्वातच नसतं. त्याला नाव वाचता येत नाही, ते मुखपृष्ठ ओळखतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आमच्याकडे दोन वर्षं कपाटात होतं. उभ्या फळीवर आल्यावर आठवड्याभरात त्याचे कोपरे मुडपले. १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंकही, माझ्या भावाचे, असेच माळ्यावरून उतरले.

तर ही फळी तीन पट्ट्यांची. मागे चार इंच रुंदीची, भिंतीला टेकणारी. खाली तीन इंचांची, पुस्तक जिच्यावर उभं राहतं. पुढे दोन इंचांची, आडवी दांडी म्हणा. लांबी तीस इंच. मागच्या पट्टीतून भिंतीत स्क्रू, बाकी जोड फेविकॉल आणि बारीक स्क्रूचे. तीन इंचांहून खोल करायची नाही. खोली वाढवली की पुस्तकं मागे रेलून घसरतात आणि फळीचा ओढा भिंतीपासून दूर जातो.

अशा एका फळीला जेमतेम दोन चौरस फूट प्लाय लागतो. प्लायचा अख्खा ताव आठ बाय चारचा, म्हणजे बत्तीस चौरस फूट. तीन फळ्यांसाठी ताव घेण्यात अर्थ नव्हता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हिंडताना कळलं की कापडासारखा प्लायचाही कटपीस मिळतो. मोठ्या ऑर्डरी कापून उरलेले तुकडे मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. बारा मिलिमीटरचे दोन तुकडे निवडले, तिथल्याच कटरवर पट्ट्या कापून घेतल्या. कापणाऱ्या कारागिराचं बोलणं राजस्थानी वळणाचं. पुण्यातली सुतारकी आता बऱ्याच अंशी तिकडच्याच हातात आहे. माझा कागद पाहून त्यानं विचारलं, मुलांच्या खोलीसाठी का? मग पुढच्या पट्टीचे दोन्ही कोपरे आपणहून गोल करून दिले. त्याचे पैसे त्यानं लावले नाहीत.

प्लायऐवजी पॅलेटचं पाइन वापरणारेही खूप आहेत. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत यंत्रसामग्रीबरोबर आलेल्या या लाकडी बैठका मोडून, फळ्या सुट्या करून विकल्या जातात. लाकूड देखणं, गाठींचं, कापायला मऊ. फक्त त्यावरचा शिक्का वाचायचा. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला तीस मिनिटं तापवून कीड मारलेली आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते मुलाच्या खोलीत नको. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे, रसायनांचे डाग असतील तर ते फुकट मिळालं तरी महागच. जुन्या दारं-खिडक्यांच्या सागाचा मोह मलाही पडला होता, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ होते. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. म्हणून रंगाचा डबा नवा, पाण्यात मिसळणारा घेतला. माळ्यावर निम्मा उरलेला जुना ऑइलपेंट होता, तो माळ्यावरच राहिला.

शिशावरून आठवलं. रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात छापखान्यातली जुनी केस कधीमधी दिसते. बारीक बारीक कप्प्यांचा लाकडी ट्रे, ज्यात कंपोझिटर खिळे ठेवत, म्हणजे ठोकायचे नव्हे, छपाईचे. देवनागरीला जोडाक्षरांमुळे कप्पे फार. भिंतीवर उभा केला की शंख-शिंपले, गोट्या, छोट्या मोटारी ठेवायला यापेक्षा सुंदर काही नाही. मी भावही ठरवून टाकला होता. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, कशासाठी नेताय? सांगितल्यावर ते म्हणाले, आमचा छापखाना होता, हे दिवाणखान्यात लावा, पोरीच्या खोलीत नको. खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात वर्षानुवर्षांची त्याची भुकटी बसलेली असते. केस तिथेच ठेवली.

तिच्याऐवजी मी किल्ल्यातल्या मावळ्यांचं घर केलं. दिवाळी संपली की किल्ला मोडतो आणि कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढल्या वर्षी निम्म्यांचे भाले गेलेले, एखाद्याचं मुंडकं. तीन-चार इंचांची ही माणसं वर्षभर डोळ्यांसमोर का नसावीत? प्लायच्या उरलेल्या तुकड्यांना निम्म्या रुंदीपर्यंत खाचा पाडल्या आणि आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या, मिठाईच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या जाळीसारख्या. बारा घरं, प्रत्येक पाच इंची. पुढे ओट्याला अर्ध्या इंचाची कड, कारण बाजूचं दार आपटलं तरी मावळे सरकतात. महाराज मधल्या घरात असतील असं मी धरून चालले होते. लेकीनं त्यांना सगळ्यात खालच्या ओळीत, गवळणीशेजारी बसवलं.

चौकटींची कथा वेगळी. तयार फोटोफ्रेम इंचांत येते, आठ बाय बारा. मुलांचा चित्रकलेचा ए-फोर कागद मिलिमीटरचा, २१० बाय २९७, म्हणजे रुंदीला सव्वाआठ इंच. पाव इंचासाठी कागद कापावा लागतो आणि चार वर्षांचं मूल सूर्य नेमका कोपऱ्यात काढतं. आम्ही दोन सूर्य कापल्यावर मी पेठेतल्या फ्रेमवाल्यांकडे गेले. त्यांच्याकडे पायानं दाबायचं यंत्र आहे. दोन पाती एकदम खाली येतात आणि पट्टी पंचेचाळीस अंशांत तुटते. पट्टी आता लाकडाची क्वचितच. ‘फायबर’ म्हणतात ती बहुतेक थर्माकोल वितळवून केलेली, हलकी आणि मुलाच्या डोक्यावर पडली तरी फार न लागणारी. मी त्यांना चार चौकटी तीनच बाजूंच्या करायला सांगितल्या. वरची बाजू उघडी.

"अर्धवट दिसेल हो ताई. धूळ जाईल आत."

कागद वरून सरकवायचा आहे, ती रोज बदलणार, असं सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला. मग मागे हार्डबोर्ड, पुढे काचेऐवजी दोन मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणि दोन्हींत तीन मिलिमीटरची फट राहील अशी बारीक पट्टी घातली. ॲक्रिलिकच्या वरच्या काठाला, अंगठा आत जावा म्हणून, अर्धचंद्र कापून दिला. तो माझ्या चित्रात नव्हता, त्यांचा. चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडेही त्यांनीच चिकटवले. पावसाळ्यात भिंत घाम धरते. चौकट तिला चिकटून राहिली तर हार्डबोर्ड फुगतो आणि मागे कसर लागते. मधून वारा खेळला पाहिजे.

लावताना एक शहाणपण गवंड्याकडून घ्यावं. फरशीपासून दोन्ही टोकांना टेपनं मोजून फळी सरळ येत नाही, कारण फरशीलाच कुठेतरी उतार असतो. दहा फूट पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, पाणी जिथे थांबेल तिथे खूण. लेकीला पूर्ण कामात हेच सगळ्यात आवडलं. तिनं टोक सोडलं आणि खोली पुसावी लागली.

मग जोर. तीन फुटांवरची फळी मुलाला फळी वाटत नाही, ती पायरी वाटते. आणि सगळ्यात खालची तर जिनाच. म्हणून प्रत्येक फळीवर दोन्ही तळहात ठेवून मी अंगाचा भार टाकून पाहिला. उभं कपाट असेल तर तेही लोखंडी कोनानं भिंतीला बांधलंच पाहिजे. अमेरिकेत २०१६ मध्ये ‘ईकिया’ला ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली. मुलं ड्रॉवरवर चढली, कपाटं त्यांच्यावर आली, काही मुलं दगावली. पलंगाच्या डोक्याशी मात्र काहीच लावू नये, हलकी चौकटसुद्धा नको.

कोथरूडला भाड्यानं राहणाऱ्या मैत्रिणीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि करारनाम्यातलं कलम वाचून दाखवलं. भिंतीला खिळा मारल्यास अनामतीतून कापून घेऊ. चिकटपट्टीचे हुक तिनं लावून पाहिले होते, पण डिस्टेंपरचा पापुद्रा हुकासोबत निघाला. शेवटी पडद्याच्या दांडीच्या दोन ब्रॅकेटना सुतळी बांधून ती सैल, मुलाच्या छातीपर्यंत झुलती सोडली आणि कपड्यांचे चिमटे लावले. बालवाड्यांत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. माझ्या चौकटींपेक्षा तिच्या सुतळीवर चित्रं जास्त मावतात, हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला.

तीन फळ्या, चार चौकटी, मावळ्यांची बारा घरं. रंग, गिट्ट्या, पॉलिश पेपर धरून ३,२०० रुपये झाले, त्यात अर्ध्याहून अधिक चौकटींचे. ड्रिल शेजाऱ्यांचं, त्यांना फराळाचं ताट जास्तीचं गेलं. स्वस्तात झालं याचा आनंद होताच, पण त्याचा खरा उपयोग दीड वर्षानं कळला. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. लेक आता साडेपाचची आहे आणि पुस्तकं घ्यायला तिला वाकावं लागतं. छतापर्यंतचं कपाट असतं तर ते होतं तिथेच राहिलं असतं. माझ्या फळ्यांचे दोन-दोन स्क्रू सोडवले, नळीत पुन्हा पाणी भरलं आणि या नवरात्रात सगळं साडेतीन इंच वर सरकवलं. चौकटी उतरवताना प्रत्येकीच्या फटीतून पंधरा-वीस कागद निघाले. तिनं जुनी चित्रं काढलीच नव्हती, नवीन पुढून सरकवत गेली होती. तळाशी एकीत तो कापलेला सूर्य होता.

भिंतीवर आता जुन्या भोकांची रांग उरली आहे. ती बुजवायला मी पाव किलो पुट्टी आणून ठेवली. पण त्यातल्या एका भोकात तिनं लाल खडूचा तुकडा ठेवलाय, दुसऱ्यात सागरगोटा अडकवायचा प्रयत्न चालू आहे, आणि पुट्टीचा डबा अजून उघडलेला नाही.